गाडीचा अप्पर-डिप्पर आपोआप होत नाहीये? आधी कॅमेऱ्याच्या जागी बसून बघा

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाला पिंपळगाव बसवंतहून मेव्हण्याचा फोन, "दाजी, नव्या गाडीचं डोकं फिरलंय." त्याचं म्हणणं असं की निफाडकडच्या रस्त्याला समोरून येणारा जो तो त्याच्यावर अप्पर मारतो, म्हणजे याचा लाईट त्यांच्या डोळ्यात जातोय, आणि तेच डांबरी सोडून मळ्याच्या रस्त्याला वळलं, जिथे डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार, तिथे मात्र अप्पर लागतच नाही. नको तिथे लाईट डोळ्यात आणि हवा तिथे पत्ता नाही. शोरूमच्या पोरानं गाडी देताना छाती ठोकून सांगितलं होतं की आता अप्पर-डिप्पर विसरून जा, गाडी स्वतःचं स्वतः बघते.

मी काही मेकॅनिक नाही, पण अशीच सिस्टीम माझ्या गाडीत आहे आणि पहिल्या वर्षात मीही तिच्याशी भरपूर भांडलोय, मॅन्युअल वाचून, सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारून, रात्री इथे नाशिकला त्र्यंबक रोडला उगाच गाडी फिरवून थोडंफार डोक्यात शिरलंय. तेच इथे लिहितो, कारण अशा गाड्या आता आपल्याकडे ढिगानं यायला लागल्यात आणि त्यातले निम्मे लोक सांगतात की हे फीचर बिघडलंय, आणि बघायला जावं तर बिघडलेलं नसतं.

पहिला घोटाळा नावाचाच. ऑटो हेडलाईट वेगळा आणि ऑटो हाय बीम वेगळा. अंधार पडला, बोगद्यात शिरलो की लाईट आपोआप लागतात ना, तो ऑटो हेडलाईट, त्याला नुसता उजेड मोजणारा एक सेन्सर लागतो, आणि हा प्रकार बऱ्याच साध्या गाड्यांतही असतो. समोरून गाडी आली की अप्परचा डिप्पर करायचा आणि ती गेली की परत अप्पर, हे काम ऑटो हाय बीमचं, त्याला कॅमेरा लागतो, आणि तो सहसा अ‍ॅडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी कॅमेरा-सेन्सरची सिस्टीम, असलेल्या वरच्या मॉडेलमध्येच मिळतो. आमच्या सोसायटीतले एक काका दोन महिने वैतागले होते की आपली गाडी डिप्पर करत नाही, शेवटी कळलं त्यांच्या व्हेरियंटमध्ये ते आहेच नाही, दांडीवर ऑटो लिहिलंय ते फक्त लाईट लागण्यापुरतं. तेव्हा आधी मॅन्युअल काढा, ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत अजून सीलबंद पडलं असेल, आणि आपल्या गाडीत हे आहे का ते बघा.

असेल तर चालू आहे का ते बघा, कारण ते गाडीबरोबर दरवेळी आपोआप चालू असेलच असं नाही. बहुतेक गाड्यांत लाईटची दांडी ऑटोवर फिरवायची आणि मग पुढे ढकलायची किंवा टोकाचं बटण दाबायचं, काहींत स्क्रीनवर ड्रायव्हर असिस्टन्सच्या सेटिंगमध्ये वेगळी टिकमार्क असते. चालू झालं की मीटरमध्ये हेडलाईटच्या चित्रात इंग्रजी ए किंवा ऑटो असं काहीतरी दिसतं. निळा दिवा वेगळा, तो म्हणजे या क्षणी अप्पर लागलेला आहे. लोक निळा दिवा नाही म्हणून सिस्टीम बंद समजतात. आणि अजून एक, आपल्याला हातानं डिप्पर मारायची सवय असते, ओव्हरटेकला, वळणावर, समोरच्याला आधी जा म्हणायला, त्या ओढाताणीत काही गाड्यांत ऑटो सुटून मॅन्युअल होतं आणि आपल्याला कळतच नाही. काही होंडा गाड्यांत तर गाडी उभी असताना दांडी स्वतःकडे ओढून अर्धा-पाऊण मिनिट धरून ठेवली की फीचरच बंद होतं, परत चालू करायलाही तसंच धरावं लागतं. लहान मुलं गाडीत बसून दांड्यांशी खेळत असतील तर हे डोक्यात असू द्या.

आता ते चालतं कसं. समोरच्या काचेला वरच्या बाजूला, आतल्या आरशाच्या मागे एक काळी डबी असते, तो कॅमेरा. रात्री त्याला रस्ता दिसतो तो आपल्यासारखा नाही दिसत, त्याच्यासाठी सगळा काळोख आणि त्यात ठिपके. पांढरे ठिपके जवळ येतायत, बहुधा जोडीनं, म्हणजे समोरून गाडी. लाल ठिपके पुढे चाललेत, म्हणजे कुणाचे तरी मागचे दिवे. वर उंचावर ओळीनं ठिपके आणि एकूणच बराच उजेड, म्हणजे गाव आलं. यातलं काहीही दिसलं की डिप्पर, काहीच नसेल आणि वेग पुरेसा असेल तर अप्पर. झालं. मी सगळ्यांना एवढंच सांगतो की ही सिस्टीम गाड्या बघत नाही, दिवे बघते, आणि हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारींचं उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. तोच कॅमेरा ब्रेकसाठी माणूस ओळखत असेलही, पण डिप्पर करायचा का हे ठरवताना बहुतेक गाड्यांत दिव्यांवरच भिस्त असते.

कल्पना नवी नाही बरं का. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९५२ सालीच कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांना डॅशबोर्डवर उजेड ओळखणारी एक नळी, फोटोट्यूब, बसवून दिली होती, ऑट्रॉनिक आय नावाची, समोरून उजेड पडला की ती अप्परचा डिप्पर करायची. पण तिला उजेड एवढंच कळायचं, तो गाडीचा की दुकानाच्या पाटीचा हे कळायला मार्ग नव्हता. आजचा कॅमेरा रंग, जोडी, उंची, हालचाल असं सगळं तपासतो, तरी फसतो तो याच जागी.

आपल्याकडे फसायला जागा भरपूर आहेत. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला अप्पर लागणारच नाही, लागायलाही नको, रस्त्यावर दिवे आहेत. द्वारका ते आडगाव उड्डाणपुलावरही तेच. शहराबाहेर पडलात तरी ठरावीक वेग गाठल्याशिवाय ते जागं होत नाही, गाडीगणिक आकडा वेगळा, पण साधारण तासाला ३० ते ४० किलोमीटरच्या आसपास, आणि वेग त्याच्या बराच खाली गेला की परत डिप्पर. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या शहराबाहेरही जागोजागी डायव्हर्जन, बॅरिकेड, चमकणाऱ्या पट्ट्या, आणि या चमकणाऱ्या पाट्या म्हणजे कॅमेऱ्याला चकवाच. त्यांचा गुणधर्मच असा की जिकडून लाईट आला तिकडेच परत पाठवायचा, म्हणजे तुमचाच अप्पर पाटीवर आपटून तुमच्याच कॅमेऱ्यात येतो, कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी आलं, तो डिप्पर करतो, पाटी अंधारात जाते, परत अप्पर. गाडी उघडझाप करतेय असं वाटत असेल तर आधी बघा की हे ठरावीक पाट्यांपाशीच होतंय का. तसंच रस्त्याकडेचा लग्नाचा मांडव, ढाब्याची लाइटिंग, फार्महाऊसचे फ्लडलाईट. आणि समोरची गाडी गेल्यावर एक-दोन सेकंद अप्पर लागत नाही तेही मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर प्रत्येक गाडीमागे लाईटचा डान्स झाला असता.

आता उलटी बाजू, जिथे डिप्पर व्हायला हवा आणि होत नाही. ही जास्त महत्त्वाची कारण इथे त्रास दुसऱ्याला होतो. लासलगावला कांदा घेऊन निघालेली ट्रॅक्टरची जोडट्रॉली, मागे लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही चिखलानं माखलेला. कॅमेऱ्याला तिथे काहीच दिसत नाही, त्याच्या हिशोबानं रस्ता मोकळा, तो अप्पर चालूच ठेवतो. इथे खरं तर तो अप्पर तुमच्या फायद्याचाच, निदान ट्रॉली लवकर दिसते. पण पायी चालणारे? सिन्नर रस्त्यानं शिर्डीला निघालेले पदयात्री, चैत्रात सप्तशृंगी गडावर चाललेले खानदेशातले लोक, त्र्यंबकहून निवृत्तीनाथांची पालखी निघते तेव्हा पहाटे रस्त्यावर असलेले वारकरी, यांच्याकडे दिवे कुठे असतात? कॅमेरा त्यांच्यासाठी डिप्पर करत नाही. अंगावर पूर्ण अप्पर घेऊन, डोळ्यांवर हात धरून माणसं कडेला थांबतात, तिथे हातानं डिप्पर करा, ऑटोच्या भरवशावर राहू नका. सायकलवाला, एकच मिणमिणता दिवा असलेली जुनी मोटरसायकल, यांचंही तेच, कधी ओळखतो कधी नाही.

घाटात तर कॅमेऱ्याची मजबुरी आहे. पेठ रोडचा सावळ घाट घ्या नाहीतर संगमनेर सोडून पुण्याकडे जाताना चंदनापुरी, वळणापलीकडून येणाऱ्या गाडीचा उजेड आपल्याला झाडांवर, कड्यावर पडलेला दिसतो आणि आपण आधीच डिप्पर करतो, कॅमेरा मात्र दिवा प्रत्यक्ष समोर येईपर्यंत थांबतो, तोवर समोरच्याच्या डोळ्यासमोर अंधारी आलेली असते. चढ संपून उतार लागतो तिथेही तसंच. आणि हायवेला दुभाजकात कण्हेर वाढलेली असली की समोरच्या ट्रकचे दिवे झाडीत लपतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत, पण ट्रकवाला उंच बसलेला असतो, त्याला झाडीच्या वरून तुमचा अप्पर बरोब्बर लागतो. तो वैतागून अप्पर मारतो आणि आपण म्हणतो हा उगाच का मारतोय. ट्रकच्या मागे यूज डिप्पर अ‍ॅट नाईट लिहिलेलं असतं ते नुसती शोभा म्हणून नाही.

धुक्याचं वेगळं सांगायला नको, पण सांगतो. पावसाळ्यात कसारा घाट आणि इगतपुरी, हिवाळ्यात पहाटे निफाडचा पट्टा, अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते कारण लाईट धुक्यावरच आपटून परत येतो. अशा वेळी सिस्टीम कधी बरोबर वागते कधी नाही, मी सरळ ऑटो काढून डिप्परवर ठेवतो आणि फॉग लाईट लावतो. समृद्धीवर मात्र या सिस्टीमचं सोनं होतं. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि नागपूर-मुंबई पूर्ण ७०१ किलोमीटर झाला, तिथे गाड्या कमी, वेग जास्त, बोगद्यात दिवे आहेत तिथे आपोआप डिप्पर, बाहेर आलं की अप्पर. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते आणि डिप्परमध्ये नीट दिसतं साधारण ५० मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन सेकंदांचा रस्ता. अप्पर लागतो तेव्हा हेच अंतर दुप्पट-अडीचपट होतं. म्हणून मला हे फीचर आवडतं, शिव्या घालत का होईना.

बरं, आता खरंच बिघाड आहे असं वाटत असेल तर. मी दोन गोष्टी आधी बघतो, दोन्हीला पैसे लागत नाहीत. एक, ऑटो काढून दांडीनं हातानं अप्पर लावायचा, भिंतीसमोर उभं राहून. दोन, त्याच कॅमेऱ्यावर चालणारी बाकीची फीचर, लेन सुटली की स्टिअरिंग थरथरणं, स्पीडच्या पाट्या वाचणं, पुढच्या गाडीची वॉर्निंग, ती चालतायत का बघायचं. हातानंही अप्पर लागत नाही तर कॅमेऱ्याचा काही संबंध नाही, बल्ब-फ्यूज-वायरिंगचं दुखणं आहे. हातानं लागतो, पण लेनबिनसुद्धा बंद पडलंय आणि मीटरमध्ये कॅमेऱ्याबद्दल काहीतरी मेसेज येतोय, तर दुखणं डोळ्याचं, म्हणजे कॅमेऱ्याचं नाहीतर त्याच्या समोरच्या काचेचं. हातानंही लागतो, लेनही चालतं, फक्त ऑटो अप्पर नाही, तर मग सेटिंग, दांडीचा स्विच, किंवा वर सांगितलेल्या परिस्थितींपैकी एखादी. एवढी विभागणी घरी झाली तर सर्व्हिस सेंटरला तुमचा अर्धा दिवस वाचतो.

डोळ्याचं दुखणं सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात स्वस्तात बरं होतं. काच बाहेरून आपण पुसतो, वायपर मारतो. आतून कोण पुसतं? गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून जे काही बाहेर पडतं त्याचा पातळ तेलकट थर काचेच्या आत बसतो, दिवसा दिसत नाही, रात्री समोरून लाईट आला की सगळीकडे धुरकट पसरतो. कॅमेऱ्याला एक ठिपका दहा ठिकाणी दिसायला लागतो, किंवा लांबचा बारीक ठिपका दिसेनासाच होतो. द्राक्षाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांचं तर विचारू नका, शेजारच्या बागेत फवारा चालू असताना गाडी बांधावर उभी केली की सल्फरचा थर बाहेरून फुकट. थंडीच्या दिवसांत आतून काच धुरकटते तीही कॅमेऱ्यासमोरच आधी, तिथे हवा कमी लागते, म्हणून काचेवरचा डिफॉगर चालू करून दोन मिनिटं थांबा. पुसताना स्वच्छ मायक्रोफायबर आणि साधा ग्लास क्लीनर, तोही काचेवर नाही, फडक्यावर मारून. डबीचं झाकण उघडून कॅमेऱ्याच्या भिंगाला हात लावायचा नाही, फुंकर नाही, ओढणीचं टोक नाही. काचेच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे घाण दिसत असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरचं.

मग येतो आपला फास्टॅग. तो आतून, मधोमध, आरशाजवळ लावायची पद्धत आहे आणि नेमकं तिथेच कॅमेऱ्याचं घर. ठिपक्याठिपक्यांच्या काळ्या पट्टीत कॅमेऱ्यासाठी एक मोकळी खिडकी सोडलेली असते, फास्टॅग तिच्या आड यायला नको, खाली किंवा बाजूला लावा, मॅन्युअलमध्ये जागा दाखवलेली असते. डॅशकॅम, सोसायटीचा स्टिकर, काचेच्या वरच्या कडेला मारलेली हिरवी फिल्म, आरशाला टांगलेली माळ, सगळ्यांना हाच नियम. गणपती डॅशबोर्डवर बसवायला हरकत नाही, पण त्याच्या मागचा चमकता आरसा किंवा लुकलुकणारा एलईडी काचेत उलटा दिसतो आणि कॅमेरा त्यालाही समोरची गाडी समजू शकतो. हे मी पाहिलंय, हसू नका.

काच बदलली असेल तर मात्र प्रकरण गंभीर. हायवेला डंपरमधून खडी उडून काच तडकणं आपल्याकडे नेहमीचंच, आणि मग स्वस्तात बाहेरून काच टाकून घ्यायचा मोह होतो. माझंही झालंय. एका ठिकाणी काच बदलून घेतली, काम सुबक, बिल कमी, आणि दुसऱ्या दिवसापासून समोरची गाडी अंगावर येईपर्यंत गाडी डिप्पर करेना. कारण कॅमेरा काढून परत बसवला की तो केसभर जरी वरखाली झाला तरी तीनशे-चारशे मीटर लांबचा हिशोब पार चुकतो. म्हणून काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, कुठे गाडीपुढे ठरावीक अंतरावर चौकटींचा बोर्ड उभा करून, कुठे स्कॅनर लावून पांढऱ्या पट्ट्या ठसठशीत असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगानं गाडी चालवून, काही गाड्यांना दोन्ही. त्या माणसाकडे हे काहीच नव्हतं आणि असं काही असतं हे त्याला माहीतही नव्हतं. तेव्हा काच बदलायच्या आधीच विचारा की कॅलिब्रेशन करणार का, इन्शुरन्सच्या क्लेममध्ये ते धरलंय का, आणि झाल्याचा रिपोर्ट देणार का. हे नुसतं लाईटपुरतं नाहीये, तोच कॅमेरा इमर्जन्सी ब्रेकही मारतो.

वायरिंगचं थोडक्यात. एकाच बाजूचा अप्पर गेला तर बल्ब, नाहीतर त्या बाजूचा फ्यूज किंवा अर्थिंग. दोन्ही एकदम गेले तर रिले, मेन फ्यूज किंवा दांडीचा स्विच. काही प्रोजेक्टर लाईटमध्ये अप्पर-डिप्परला एकच दिवा असतो आणि आत एक बारीक पडदा वरखाली होतो, इंजिन बंद, पण इग्निशन आणि लाईट चालू ठेवून शांततेत दांडी ढकलली की टक असा आवाज येतो. आवाज नाही, लाईटही बदलत नाही, तर तो पडदा किंवा त्याची वायर. आणि बाहेरून काही टाकून घेतलं असेल, ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब, एलईडी किट, बंपरवर बार लाईट, तर आधी ते काढा. जास्त वॉटचा बल्ब होल्डर वितळवतो, एलईडी किटमुळे लाईटची कडक रेघ जाऊन सगळीकडे चुरा पडतो आणि कंट्रोल युनिटलाही कळेना होतं की दिवा लागलाय की गेलाय. तापलेल्या गाडीचंही सांगून ठेवतो, एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर उभी असलेली गाडी चालू केली की कधीकधी कॅमेरा तात्पुरता बंद असा मेसेज येतो, एसी लावून काचेकडे हवा सोडली की थोड्या वेळात जातो. तो रोज यायला लागला तर दाखवा. बॅटरी काढून लावल्यावरही काही गाड्या थोडं अंतर चालवल्याशिवाय जाग्यावर येत नाहीत.

एक गोष्ट जी लोक हमखास विसरतात. समोरचे अप्पर मारतायत म्हणजे तुमचा अप्परच चालू आहे असं नाही, डिप्परच वर उचललेला असू शकतो. डिकीत वजन भरलं की गाडीचं नाक वर होतं, नाक वर झालं की डिप्पर थेट समोरच्याच्या डोळ्यात. यासाठीच स्टिअरिंगच्या उजव्या-डाव्या बाजूला कुठेतरी ० ते ३ आकड्यांचं एक बारीक चाक असतं, ० म्हणजे गाडी रिकामी, आकडा वाढवला की लाईट खाली. गाडी घेतल्यापासून ते चाक कुणी फिरवलेलं नसतं. काही महागड्या गाड्यांत हे आपोआप होतं, पण मागच्या सस्पेन्शनजवळचा त्याचा सेन्सर चिखल-खड्ड्यांत निखळला की तिथेही बोंब. तपासायचं असेल तर सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं मारा, डिप्परची वरची रेघ त्या खुणेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली पडायला हवी, डाव्या हाताला थोडी वर चढलेली चालते कारण तिकडे आपली कड असते, उजवीकडे नाही.

सर्व्हिस सेंटरला जाताना लाईटचा प्रॉब्लेम आहे एवढंच जॉबकार्डवर लिहून देऊ नका, ते बल्ब बघतात, ओके म्हणतात, गाडी धुवून परत देतात. कुठल्या रस्त्याला, किती वाजता, किती वेगाला, मीटरमध्ये कुठला दिवा होता, हे लिहून द्या, शेजारी बसलेल्याला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा, स्कॅनर लावून कॅमेऱ्याचे आणि लाईटचे एरर कोड काढायला सांगा, सॉफ्टवेअर अपडेट आहे का विचारा. आणि जमलं तर संध्याकाळी जा. दुपारी बारा वाजता ऑटो अप्परची टेस्ट ड्राइव्ह घेऊन आलेले सल्लागार मी पाहिलेत.

तर मेव्हण्याची गाडी. रविवारी गेलो पिंपळगावला. डिकी उघडली तर ०:५२:३४ खताच्या २५ किलोच्या पाच बॅगा, वर फवारणीच्या औषधांचे डबे, आणि आठवडाभर हे सगळं गाडीतच फिरतंय, चाक अर्थातच शून्यावर. बॅगा उतरवल्या, रात्री निफाडपर्यंत जाऊन आलो, एकानंही अप्पर मारला नाही. काचेवर जुना फास्टॅग काढलाच नव्हता, नवा त्याच्या शेजारी कॅमेऱ्याच्या खिडकीत अर्धा घुसवलेला, आणि आतून काच बोट फिरवलं तर रेघ उमटेल अशी. जुना खरवडून काढला, नवा बँकेकडून बदलून मागवला आणि बाजूला लावला, काच पुसली, तेव्हापासून हायवेला अप्पर वेळेवर लागतो आणि वेळेवर उतरतो.

राहिला मळ्याचा रस्ता. तिथे त्याला शेजारी बसवून मी चालवली आणि म्हटलं मीटर बघ. वीस, बावीस, खड्डा आला, पंधरा, परत वीस. त्या रस्त्यानं पंचविसाच्या वर जाणंच शक्य नाही आणि त्याच्या गाडीचा आकडा चाळीसचा. "इथे हातानंच लावायचा," मी म्हणालो, "गाडी चांगलीय, रस्ता खराबय." तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "मग शोरूमला कशाला जायचं दाजी, दोन ट्रॉल्या मुरूमच टाकतो."